प्रश्नचिन्हाच्या जागी काय होते?

स्मरणिकेसाठी आठवणी लिहाव्यात, असा प्रघात आहे. पहाटेची वंदना, वसतिगृहातील पाण्याची रांग, स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्रीची धांदल यांविषयी आमच्याहून सरस लेखणीचे माजी विद्यार्थी या अंकात लिहितीलच. आम्ही मात्र कार्यालयातील एका रुक्ष वाटणाऱ्या गोष्टीविषयी लिहिण्याचे ठरविले आहे. संगणकात नोंद बदलते तेव्हा त्या बदलाची जी नोंद मागे राहते, तिच्यात नेमके काय लिहिलेले असावे, हा आमचा विषय आहे. इतिहासाच्या शिक्षकाने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. पण इतिहास म्हणजे तरी नोंदी वाचण्याचीच विद्या आहे.

सातारच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या पानावर रकान्यांची शीर्षके आहेत तशीच त्या काळातील इतर शाळांच्या पटांवरही असणार. शीर्षकांना कोणी नमस्कार करीत नाही. आपण तेथे जातो ते रकान्यात भरलेल्या एका नावासाठी. कल्पना करा, की पुढे कोणी त्या पटाची नक्कल केली आणि तीत एवढेच लिहिले: 'क्रमांक अमुक समोर विद्यार्थ्याचे नाव तमुक नोंदविले.' नक्कल खोटी नाही, पण ती कोणाच्याही उपयोगाची नाही.

आमच्या पिढीच्या शिक्षकांना जनरल रजिस्टरची शिस्त अंगवळणी पडलेली आहे. त्यात खाडाखोड चालत नाही. चूक दुरुस्त करायची तर जुना मजकूर वाचता येईल अशी एकच बारीक रेघ मारायची, वर लाल शाईने नवा मजकूर लिहायचा आणि बाजूला मुख्याध्यापकांची सही व तारीख घ्यायची. नाव, जात किंवा जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यायची आणि तिचा क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा. पान उघडले की आधी काय होते, नंतर काय झाले आणि कोणी केले, हे तिन्ही एका नजरेत दिसते. या शिस्तीचे मोल आम्हांस कागद होता तोवर फारसे जाणवले नव्हते.

शेतकरी पालकांना हीच गोष्ट दुसऱ्या उदाहरणाने पटेल. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली, हे कळण्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही पाहावी लागते. कोणत्या गटातून कोणाचे नाव कमी झाले, कोणाचे लागले, कोणत्या दस्ताने, कोणत्या तारखेस आणि मंडल अधिकाऱ्याने ते केव्हा प्रमाणित केले, हे सारे तेथे असते. वतनी जमिनींच्या वादात ज्यांच्या घरातील माणसांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांना फेरफाराची एक ओळ किती जड असते हे सांगण्याची गरज नाही. 'गट क्रमांक रिकामी जागा मधून रिकामी जागा यांचे नाव कमी केले' अशी फेरफार-नोंद कोणी हाती ठेवली, तर आपण ती घेऊन घरी परतू काय?

आणि तरी संगणकाने आपल्या हाती ठेवलेली नोंद नेमकी अशीच होती.

आधी थोडे तंत्र सांगणे भाग आहे. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनी हे दोन परिच्छेद ओलांडून पुढे जावे. शाळेचे रजिस्टर संगणकात येते तेव्हा ते तक्त्यांच्या रूपाने डेटाबेसमध्ये साठविले जाते. तक्त्यांची ही कल्पना १९७० साली आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी मांडली आणि आज बँकेपासून रेल्वेपर्यंत बहुतेक व्यवहार तिच्यावर चालतात. लिपिक पडद्यावर बटण दाबतो तेव्हा मागे डेटाबेसला एक आज्ञा जाते. ही आज्ञा दोन प्रकारे धाडता येते. एक म्हणजे सगळे वाक्य प्रत्येक वेळी नव्याने रचून. दुसरी रीत छापील नमुन्याची: 'विद्यार्थी तक्त्यात ज्याचा क्रमांक ? आहे, त्याची जन्मतारीख ? करा.' हा नमुना डेटाबेस एकदा वाचून, तपासून तयार ठेवतो. पुढे दरवेळी फक्त रिकाम्या जागांत भरायचा मजकूर येतो. नमुन्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात आणि भरावयाच्या मजकुराला पॅरामीटर. शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा छापील गठ्ठा आणि त्यांत भरलेली नावे, असा हा भेद आहे.

नमुन्याची रीत वेगासाठी चांगली आहेच, पण तिचे खरे कारण सुरक्षितता हे आहे. समजा, अर्जातील नावाच्या जागी कोणी लिहिले, 'रमेश; तसेच मागील सर्व दाखले रद्द करावेत', आणि लिपिकाने तेवढे वाचून खरोखरच सर्व दाखले रद्द केले, तर? सगळे वाक्य जोडून धाडणाऱ्या प्रोग्रामची हीच गत होते. या फसवणुकीची चर्चा १९९८ च्या अखेरीस 'फ्रॅक' या संगणकीय नियतकालिकात प्रथम ठळकपणे आली आणि पुढे कित्येक संस्थांना तिचा फटका बसला. नमुना आणि मजकूर वेगवेगळे धाडले, की मजकुरात काहीही लिहिलेले असो, तो मजकूरच राहतो. त्याची आज्ञा होत नाही. म्हणून कोणताही जाणता प्रोग्रामर आज नमुन्याचीच रीत वापरतो, आणि ते योग्यच आहे.

अडचण पुढे आहे. डेटाबेस व प्रोग्राम आपापल्या कामांची रोजनिशी लिहितात, तिला लॉग म्हणतात. नमुना आणि मजकूर वेगळे आल्यामुळे अनेक ठिकाणी लॉगमध्ये नमुना तेवढा उतरतो. जावा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांत 'हायबरनेट' नावाचे साधन फार वापरले जाते. त्याला आज्ञा दाखविण्यास सांगितले तर ते प्रश्नचिन्हांसकट नमुना दाखविते. प्रश्नचिन्हांच्या जागी काय भरले, हे पाहण्याचे बटण निराळे असते आणि ते सहसा बंद असते.

२०२२ च्या जुलै महिन्यात नववीतील एका मुलीची आई कार्यालयात आली. ऊसतोडीला जाणारे हे कुटुंब आहे. वर्षातील सहा महिने घराला कुलूप असते आणि मुलगी आपल्या वसतिगृहात असते. बाईंच्या हातात मुलीचा जन्मदाखला होता आणि शाळेने दिलेले बोनाफाईड प्रमाणपत्र होते. दाखल्यावर ४ मार्च २००७ होते, प्रमाणपत्रावर ३ एप्रिल २००७. "गुरुजी, लेकीचा जन्म कधीचा खरा धरायचा? मला तर शिमग्याचा आठवतोय," एवढेच त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर जी तारीख छापली जाईल, तीच पुढे जन्मभर चालणार, हे त्यांना आमच्याइतकेच कळत होते.

शोध घेता आणखी मुले निघाली. सर्वांची तारीख बदललेली नव्हती आणि त्यामुळेच ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पुरवठादाराला दूरध्वनी केला, तेव्हा दोष डेटाबेसचा असून आमच्या प्रोग्रामचा नाही, असे उत्तर मिळाले. लॉग मागविला. तो आला आणि आम्ही सर्वांनी डोळे फाडून पाहिला. दिनांक होता, वेळ अगदी सेकंदापर्यंत होती, आणि त्यापुढे एकच ओळ शेकडो वेळा होती: विद्यार्थी तक्ता, जन्मतारीख बरोबर प्रश्नचिन्ह, क्रमांक बरोबर प्रश्नचिन्ह. कोणाची तारीख, कोणती तारीख, काही नाही. अभिलेखागारात वाळवी लागलेले रुमाल आम्ही पाहिले आहेत. अक्षर खाल्लेले असले तरी तेथे भोक तरी दिसते. येथे सारे स्वच्छ, सुवाच्य आणि पोकळ होते.

आपल्या शाळेच्या २००४ च्या दहावीच्या तुकडीतील एक विद्यार्थी पुण्यात डेटाबेसचेच काम करतो. त्याला निरोप धाडला. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघून तो रविवारी सकाळी हजर झाला. चहा घेण्याआधी त्याने विचारले, "सर, जुने जनरल रजिस्टर आहे ना? की रद्दीत दिले?" रजिस्टर कपाटात होते. संगणक आला म्हणून वह्या मोडीत काढू नयेत, यावर मुख्याध्यापिकाबाई अडून बसल्या होत्या, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

त्याने डेटाबेसची एक प्रत वेगळ्या यंत्रावर उतरविली, पॅरामीटर लिहिण्याचे बटण चालू केले आणि जुलैत चढविलेली तीच यादी त्या प्रतीवर पुन्हा चढविली. आता प्रत्येक नमुन्याखाली आणखी एक ओळ उमटू लागली: पहिल्या जागी हे, दुसऱ्या जागी ते. त्या मुलीच्या क्रमांकासमोर लिहिले होते २००७, महिना ०४, दिवस ०३. "सर, हे पाहा. डेटाबेसला जे दिले तेच त्याने ठेवले. चुकीची तारीख त्याच्या दारात पोहोचण्याआधीच चुकलेली होती." यादीत ०४/०३/२००७ असे होते. प्रोग्रामने ते अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचले. दिवस बारापेक्षा मोठा असेल तेथे तेरावा महिना नसल्याने प्रोग्राम मुकाट्याने आपल्या पद्धतीकडे वळे आणि तारीख बरोबर लागे. आम्ही तेथेच बसून हिशेब केला. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस असे आहेत, की ज्यांवर जन्मलेल्याची तारीख या रीतीने उलटी होते. २५ तारखेला जन्मलेला सुखरूप, आणि ४ तारखेला जन्मलेली संकटात!

दोन तासांत ज्या गोष्टीचा उलगडा झाला, तिच्यासाठी तीन आठवडे पत्रव्यवहार चालला होता. रजिस्टर उघडून सर्व तारखा पडताळल्या आणि दुरुस्त केल्या. त्या आईला नवे प्रमाणपत्र दिले. पण आमच्या मनात रेंगाळले ते त्यानंतरचे.

लॉगची ती नवी फाईल पडद्यावर उघडीच होती. आम्ही सहज खाली सरकवीत गेलो आणि थबकलो. त्या यादीतून फक्त जन्मतारखा चढल्या नव्हत्या. प्रत्येक मुलाच्या ओळीत आईचे नाव होते, आधार क्रमांक होता, वडिलांचे उत्पन्न होते, धर्म आणि जात होती. डेटाबेसमध्ये शिरायला परवलीचा शब्द लागतो. कोणत्या लिपिकाने काय पाहावे, याची तेथे बंधने आहेत. लॉगची फाईल मात्र साधा मजकूर असते. ती कोणीही उघडावी, पेनड्राइव्हवर घ्यावी, पुरवठादाराला ई-मेलने धाडावी. कुलूपबंद कपाटातील रजिस्टराची प्रत व्हरांड्यातील टेबलावर ठेवल्यासारखेच ते होते. आमच्या विद्यार्थ्याने पुण्याला निघण्यापूर्वी ती फाईल आमच्यादेखत पुसली. "ही माझ्या यंत्रावर राहिली तर मला झोप यायची नाही," असे तो म्हणाला.

हे भय काल्पनिक नाही. ३ मे २०१८ रोजी ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना दिली. कारण हेच: पासवर्ड सांकेतिक रूपात बदलण्यापूर्वीच तो आतल्या एका लॉगमध्ये जसाच्या तसा लिहिला जात होता. पुढील वर्षी, मार्च २०१९ मध्ये, फेसबुकलाही कोट्यवधी पासवर्ड आपल्या यंत्रणेत उघड्या मजकुरात साठल्याचे मान्य करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे हे, तर आपल्या कार्यालयातील एका संगणकाचे काय?

जातीच्या रकान्याविषयी आपल्या वाचकांना अधिक सांगणे नको. १९५६ च्या धर्मांतरानंतर धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' हा शब्द लिहिणे हे अभिमानाचे होते आणि जोखमीचेही, कारण १९९० च्या दुरुस्तीपर्यंत अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. त्या एका शब्दावर सवलती टांगलेल्या होत्या. आज जातपडताळणीला गेले, की आजोबांच्या शाळेच्या पटावर काय लिहिले होते, हेच विचारले जाते. म्हणून ही नोंद अचूक राहिली पाहिजे आणि तिच्यातील प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे. पण ज्याला तिचे काम नाही, त्याच्या नजरेस ती पडताही कामा नये. ज्या मुलांच्या आज्यापणज्यांना गावाने जातीवरून ओळखले, त्यांची जात एखाद्या अनोळखी तंत्रज्ञाच्या डाउनलोडच्या फोल्डरात पडून राहावी, हे आम्हांस सहन होणारे नाही. आणि ही सारी अठरा वर्षांखालील मुले आहेत. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असे म्हटले आहे. कायदा आला नसता तरी आमचे मत हेच असते.

शिक्षकांच्या सभेत दोन पक्ष पडले. तरुण सहकारी म्हणाले, सर्व मूल्ये नेहमीच लिहिली जावीत, म्हणजे पुन्हा असा अंधार नको. काही ज्येष्ठांचे म्हणणे, बटण कायमचे बंद ठेवावे आणि वह्यांवर विसंबावे. दोघांच्याही भीतीला आधार होता. आम्हांस वाटते, की वाद लिहावे की न लिहावे एवढाच ठेवला तर तो सुटत नाही. कोणती नोंद, कोठे, किती दिवस आणि कोणासाठी, असे विचारले तर सुटतो.

आमच्या विद्यार्थ्याने आणखी एक मुद्दा काढला, तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. लॉगमध्ये मूल्ये लिहिली तरी तो फेरफार होत नाही. त्यात नवे मूल्य येते, जुने येत नाही. शिवाय आपला प्रोग्राम डेटाबेसशी एकाच खात्याने बोलतो. बटण लिपिकाने दाबले की प्रयोगशाळा-सहायकाने, डेटाबेसच्या दृष्टीने दोघे एकच. म्हणजे लाल शाई आहे, पण खोडलेला मजकूरही नाही आणि सहीही नाही. लॉग हे दोष शोधण्याचे साधन आहे, दस्तऐवज नव्हे. दस्तऐवज हवा असेल तर तो डेटाबेसच्या आत, वेगळ्या तक्त्यात ठेवावा.

त्याप्रमाणे व्यवस्था झाली. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात यांपैकी काहीही बदलले, की जुने मूल्य, नवे मूल्य, करणाऱ्याचे नाव, वेळ आणि मंजुरीचा क्रमांक अशी एक ओळ त्या तक्त्यात आपोआप लिहिली जाते. ती ओळ कार्यालयातील कोणालाही बदलता वा पुसता येत नाही. रोजच्या लॉगमध्ये नमुनाच तेवढा राहतो. आपला डेटाबेस पोस्टग्रेस या प्रकारचा आहे. त्याच्या सप्टेंबर २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून मूल्यांची किती अक्षरे लिहावीत याची मर्यादा घालता येते, शून्य म्हटले तर काहीच लिहिले जात नाही. आज्ञा फसली तर त्या वेळची मूल्ये लिहावीत की नाही, याचे बटणही त्याच आवृत्तीत निराळे झाले आणि ते मुळात बंदच असते. आपण दोन्ही बंद ठेवली आहेत. दोष शोधायचा असेल तेव्हा मुख्याध्यापिकांच्या लेखी परवानगीने, मूळ डेटाबेसवर नव्हे तर प्रतीवर, आणि त्या प्रतीतील आधार व जातीचे रकाने आधी बनावट मजकुराने भरून ते बटण उघडायचे. काम संपले की त्या दिवशीच फाईल पुसायची आणि पुसल्याची नोंद कागदी वहीत करायची. ही वही पुन्हा कागदी का, असे नव्या लिपिकाने विचारले. वीज गेली तरी ती वाचता येते, असे बाईंनी त्याला सांगितले.

पुरवठादाराने तारखेचा दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केला. तक्रारीसोबत मूल्यांसह चार ओळी जोडल्या होत्या, बनावट नावांच्या. या वेळी उत्तर दोन दिवसांत आले.

ती मुलगी २०२४ च्या मार्चमध्ये दहावी उत्तीर्ण झाली. तिच्या गुणपत्रिकेवरील तारीख आम्ही तिच्या आईला वाचून दाखविली.

ज्या पालकांना आपल्या पाल्याच्या नोंदीतील बदल पाहावयाचे असतील, त्यांनी जन्मदाखला आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक घेऊन दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी कार्यालयात यावे. बदलांच्या तक्त्याचा तेवढाच भाग छापून, मुख्याध्यापिकांच्या सहीने मिळेल. २०२२ च्या जुलैपूर्वी संगणकात झालेल्या बदलांची मूल्ये त्या तक्त्यात नाहीत. त्यांच्यासाठी जुने रजिस्टर उघडावे लागते, म्हणून एक दिवस आधी कळवावे.